उष्टं वाढायचं न्हाय

परवा भाचीच्या साखरपुड्यासाठी एका मंगल कार्यालयाची वेबसाइट उघडली. खाली पाहुण्यांचे अभिप्राय होते. त्यातला एक लालभडक, बोटभर उंच अक्षरांत पडदाभर सरकत होता, 'जेवण एक नंबर, नाद करायचा न्हाय', आणि त्याच्या मागोमाग गुलाबाचं एक फूल उड्या मारत चाललं होतं. बहिणीला लई भारी वाटलं. म्हणाली, "बघ की, काय हौशी पब्लिक हाय!" मला मात्र ते फूल बघवेना. अभिप्राय लिहिणाऱ्याला त्या चौकटीतून फूल नाचवता येत असेल, तर आणखी काय काय करता येईल हे मला ठाऊक आहे. माझ्या तोंडून मोठ्यांदा "शी!" निघालं. बहीण दचकली. तिला वाटलं, मला कार्यालय आवडलं नाही.

ती शी माझी नव्हे. विमलताईंची. त्यांच्याबरोबर काही वर्षं काम केलं, त्यांच्याकडून एवढी एक गोष्ट माझ्या जिभेला चिकटली.

राजारामपुरीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. वेबसाइट करून देणारं. मालक रणजितदादा, प्रोग्राम लिहिणारे दोघे-तिघे, आणि चित्रं, रंग, अक्षरं बघणारी मी. रणजितदादा माणूस बोलायला गोड. गिऱ्हाईक आलं की खालून खारी आणि चहा मागवायचा, "पावणं, काळजी सोडा, साइट अशी करतो की गाव बघत ऱ्हाईल" म्हणायचा, आणि साइट खरंच दिसायला झकास व्हायची. वरून कीर्तन, आतून तमाशा. आतमध्ये सगळं कुठून कुठून उचललेलं असायचं. वेबसाइटला जोडायचे तयार तुकडे मिळतात, त्यांना प्लगिन म्हणतात. फोटो सरकवायचा एक, अभिप्राय घ्यायचा एक, नकाशा दाखवायचा एक. विकतचे असले तर आमच्याकडे ते कुणातरी पाहुण्याच्या पेनड्राइव्हवरून फुकट यायचे. एकदा बसवले की बसवले. त्यात भोक सापडलं, करणाऱ्यानं दुरुस्त करून नवा दिला, तरी आमच्याकडे जुनाच. "अपडेट केलं की साइट मोडती," हे रणजितदादाचं ब्रह्मवाक्य.

अशा घरात विमलताई कांबळे आल्या.

पेठ वडगावहून एसटीनं यायच्या. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी बाई, केस तेल लावून घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत स्टीलचा पेला, डबा आणि एक जुनं मऊ फडकं. आल्या आल्या फडक्यानं कीबोर्ड पुसायच्या. बटणांच्या फटीतून शेव निघाली की चेहरा असा व्हायचा, की शेव टाकणाऱ्यानं त्या दिवशी त्यांच्या वाटेला जाऊ नये. "ह्याच्यावर कोण जेवलंय? शी!" कुणी पुढं व्हायचं नाही. नितीन नावाचा आमचा प्रोग्रामर खाली मान घालून हसायचा, म्हणजे तोच.

मुलाखतीला आल्या तेव्हा रणजितदादानं नेहमीप्रमाणे विचारलं, "ताई, तुमचं विशेष काय?" त्या म्हणाल्या, "तुमची साइट उघडा की." त्यानं मोठ्या अभिमानानं आमच्या कंपनीची साइट उघडली. ताईंनी शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून 'आपला अभिप्राय' या चौकटीत काहीतरी टाइप केलं आणि म्हणाल्या, "आता तुमचे अभिप्राय बगा." दादानं अभिप्रायांचं पान उघडलं. पडद्याच्या मधोमध एक डबी टपकन वर आली. तीत लिहिलं होतं, 'जेवलासा काय?'

आम्ही सगळे फिदीफिदी हसलो. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी परकी बाई. मी अभिप्रायाच्या जागी हुकूम लिव्हला, आणि तुमच्या साइटनं तो तुमच्याच कॉम्प्युटरला पाळायला लावला. मी जेवण इचारलं. दुसरा कोण असता तर तुमच्या साइटची किल्ली उचलून गेला असता. शी! किती घाण ठेवलीय." दादाचा चेहरा पडला, पण माणूस हुशार. दुसऱ्या दिवसापासून या म्हणाला.

पुढं 'जेवलासा काय?' ही त्यांची खूणच झाली. कुठलीही साइट दिसली, बँकेची असो, शाळेची असो, नाही तर देवस्थानाची, त्यातल्या प्रत्येक चौकटीत त्या ते घालून बघायच्या. अक्षरं नुसती अक्षरं म्हणून समोर आली की मान हलवायच्या. डबी वर आली की शी. शीचेही प्रकार होते. नवशिक्यानं केलेली चूक असली तर आखूड. पैसे घेऊन, माहीत असून ठेवलेली असली तर लांबलचक, नाकाच्या शेंड्यापासून निघालेली. ती ऐकली की मला माझं स्वतःचं काम तपासावंसं वाटायचं, आणि मी तर नुसते रंग भरत होते.

मला त्यांनी हे सगळं जेवणाच्या सुट्टीत शिकवलं, तेही जेवणातूनच. "बग माधुरी, साइटवर लोक जे लिहित्यात ते त्यांच्या तोंडातलं. ते घ्यायला हरकत न्हाय. घेताना निवडून घ्यायचं, वयाच्या जागी आकडाच हाय का, ते बगायचं. पर खरं सांबाळायचं ते वाढताना. एकाचं उष्टं दुसऱ्याच्या ताटात तसंच वाढायचं न्हाय. ते दोन टोकदार कंस असत्यात न्हवं, त्यातनं हुकूम सुरू होतोय. पडद्यावर वाढायच्या आधी त्यांची नांगी मोडायची. मग ते नुसतं चिन्ह ऱ्हातं, दिसतं पर चावत न्हाय. प्रोग्रामातल्या एका वळीचं काम हाय. ती एक वळ लिहायला लोकांस्नी आळस येतोय." आणि मग लांबलचक शी.

नितीननं एकदा यावर उपाय काढला होता. ते हुकूम ज्या शब्दानं सुरू होतात तो एक शब्दच गाळून टाकायचा. फुशारकीनं दाखवायला आला. ताईंनी तो शब्द न वापरता, एक फुटकं चित्र लावून, त्याच्या आडून 'जेवलासा काय?' वर आणलं. "एका चोराचं नाव लिहून दारावर लावलास. बाकीच्यांनी काय करायचं, परत जायाचं?" नितीन आठवडाभर फुगून बसला.

ऑफिसात त्यांना मागून 'सोवळ्या बाई' म्हणायचे. कारण तो पेला. त्यांच्या पेल्याला कुणी तोंड लावायचं नाही. त्या स्वतःही वरून पाणी प्यायच्या, थेंब न सांडता. एकदा गटार तुंबलं होतं तेव्हा ते उपसणारा एक माणूस घामाघूम होऊन वर आला आणि पाणी मागू लागला. नितीन नाक दाबून म्हणाला, "शी! काय वास मारालाय." विमलताई ताडकन उठल्या. आपला पेला धुतला, भरला, त्या माणसाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वरनं प्या हं दादा. मी बी तसंच पितो." तो प्याला, बरं वाटलं म्हणाला, गेला. मग त्या नितीनकडं वळल्या.

"माणसाला शी म्हणायचं न्हाय."

"तुम्ही दिवसभर काय म्हणताय मग?"

"घाणीला म्हणतो. कामाला म्हणतो. माणसाला कधी ऐकलंस माझ्या तोंडातनं? आमच्या आज्ज्याच्या वंजळीत लांबनं पाणी ओतायची लोकं. शी म्हणून. मला सोवळं शिकवू नगंस. ते माणूस बगून ठरवायचं. मी माणूस बगत न्हाय, आलेलं सगळं तपासतो. सायबाचं, भंगारवाल्याचं, माझं सुद्दा. सगळ्यांस्नी एकच पेला, सगळ्यांनी वरनं."

 त्यानंतर 'सोवळ्या बाई' बंद झालं, निदान माझ्यासमोर तरी. रणजितदादानं एकदा घाईत पेल्याला तोंड लावलं तेव्हा त्यालाही बोलणी बसली. तो हसला. त्याला कशाचंच काही वाटायचं नाही.

आता ज्या गोष्टीनं हे सगळं संपलं ती सांगते. 

आमच्या एका गिऱ्हाइकाचा, तालुक्यातल्या एका साहेबांचा, वाढदिवस होता. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे काय ते सांगायला नको. चौकात फलक, फलकावर साहेब, खाली शुभेच्छुकांची मुंडकी. तसाच फलक साइटवर पाहिजे होता. कार्यकर्त्यांनी शुभेच्छा लिहायच्या आणि त्या दिसायच्या. विमलताईंनी त्यासाठी स्वतः प्लगिन लिहिलं. अगदी निगुतीनं. लोक लिहितील ते नांगी मोडूनच दिसायचं. रणजितदादाला ते इतकं आवडलं की थोडा फेरफार करून त्यानं तेच आणखी चार ठिकाणी बसवलं. त्यातली एक साइट गारगोटीच्या एका डॉक्टरीणबाईंची होती. बायकांच्या डॉक्टर. तिथं बायकांनी आपली अडचण लिहायची, आणि ती फक्त डॉक्टरीणबाईंनाच दिसायची. भूदरगडच्या वाड्यावस्त्यांवरच्या, शिरोळकडच्या, कुठल्या कुठल्या बायका लिहायच्या. घरात सासूसमोर बोलता येत नाही, गावच्या दवाखान्यात ओळखीचं कुणीतरी असतंच, म्हणून. ताईंनी त्या साइटवरही 'जेवलासा काय?' घालून बघितलं. निमूट अक्षरं आली. त्या दिवशी शी नाही, नुसती मान हलली.

मग कार्यकर्त्यांची तक्रार आली. शुभेच्छा साध्याच दिसत्यात. रंग न्हाय, फूल न्हाय, नाव पळत न्हाय. एकानं दुसऱ्या कुठल्यातरी साइटवरचा पळणाऱ्या नावाचा मजकूर उचलून आमच्या चौकटीत चिकटवला, आणि तो पळायच्या ऐवजी कंस-बिंस सगळा जसाच्या तसा दिसला. साहेबांच्या वाढदिवसाला आपलं नाव कंसात! त्यानं दादाला फोनवर शिव्या घातल्या.

ताईंनी मार्ग सुचवला. रंग आपण ठरवून देऊ, फुलं आपण ठेवू, ज्याला जे पाहिजे ते त्यानं त्यातनं निवडावं. रंगबी हुतोय, धोकाबी न्हाय. दादा म्हणाला, "ताई, त्यांस्नी आपापलं फूल पायजे. साहेबांची माणसं हायत. ती काय घाण टाकणार हायत व्हय?"

"साहेबांची असूद्यात न्हाय तर देवाची. ती चौकट सगळ्यांस्नी उगडी हाय."

दादानं मग नितीनला सांगून नांगी मोडणारी ती एक ओळ काढवली. ताईंना कळलं तेव्हा त्या भडकल्या, पण वाढदिवस उद्यावर आला होता. त्यांनी नितीनसमोर, दादासमोर, माझ्यासमोर बजावलं, "हे ह्याच साइटवर. वाढदिवस झाला की ओळ परत घालायची. आणि हे दुसरीकडं कुठं न्यायचं न्हाय." दोघांनी व्हय व्हय केलं. साइटवर फुलं नाचली, नावं पळाली, साहेब खूश झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसली ती व्हय व्हय.

वाढदिवस झाला, ओळ कुणी परत घातली नाही. उलट काही दिवसांनी दादा नितीनला म्हणाला, एकाच प्लगिनच्या दोन तऱ्हा सांभाळायचा घोळ नको, एकच ठेव सगळीकडं. आणि त्यातली कुठली ठेवली? गिऱ्हाइकाला आवडलेली. ताई वाढदिवसापासूनच आठवडाभर रजेवर होत्या.

त्या परत आल्या त्याच दिवशी गारगोटीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, तो मीच घेतला. म्हणाल्या, साइट उघडली की पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात येतीय. दादा लांबूनच म्हणाला, "मोबाईलात व्हायरस असंल म्हणावं." ताईंनी ऐकलं. लगेच साइट उघडली आणि आतलं बघायला लागल्या. मी त्यांच्या मागं उभी होते. त्यांचं स्वतःचं लिहिलेलं काम, त्यातली ती एक ओळ गायब. बायकांच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न असा होता की त्यात प्रश्नच नव्हता. त्याच्या पोटात हुकूम होता. डॉक्टरीणबाईंनी रोजच्यासारखे प्रश्न वाचायला उघडले, त्या मालकीण म्हणून आत होत्या त्या त्यांच्याच ओळखीवर तो हुकूम चालला, आणि साइटला एक नवा मालक तयार झाला. कुठला कोण, देव जाणे. त्याला सगळं खुलं. सगळ्या बायकांची नावं, फोन, आणि त्यांनी डॉक्टरला विश्वासानं लिहिलेलं सगळं. जुगाराची जाहिरात त्यानं जाता जाता लावलेली.

 ताईंच्या तोंडून शीसुद्धा निघाली नाही. त्यांनी आधी साइट बंद केली. तो उपरा मालक काढला, पासवर्डाच्या किल्ल्या बदलल्या, ओळ परत घातली, आत पडून असलेला तो हुकूम वेचून टाकला. मग दुसऱ्या सगळ्या साइट तशाच धुऊन काढल्या, साहेबांची सुद्धा. एकेक साइट उघडून 'जेवलासा काय?' घालून बघत होत्या. दुपारचा डबा तसाच राहिला. काम आटपल्यावर त्या दादाच्या टेबलाजवळ गेल्या.

"आता त्या बायकांस्नी सांगाय पायजे."

दादानं खारीचा तुकडा चहात बुडवला. "काय सांगायचं?"

"की तुमचं लिहिलेलं दुसऱ्यानं बगितलं असंल. म्हंजे कुणाचा फोन आला, कुणी भ्या घातलं, तर त्यांस्नी कळंल हे कुठनं आलंय. त्या सावध तरी ऱ्हातील."

"ताई, तुम्ही साफ केलंय न्हवं? मग झालं की. कुणी बगितलं कशावरनं?"

"कुणी बगितलं न्हाय कशावरनं?"

"उगंच बोंब कशाला? डॉक्टरांचं नाव जातंय, आपलं जातंय. त्या बायका बी काय बोलत न्हाईत बगा. लाजंची गोष्ट. कुठली कोण वाडीवरची बाई, ती काय आपल्यास्नी इचारायला येणार हाय व्हय?"

नितीन मान डोलवत होता.  बायकांची लाज हाच दादाचा भरवसा. त्या बोलणार नाहीत, म्हणून हा सुटणार.

विमलताई शांतपणे म्हणाल्या, "त्यातली एक मी हाय."

दादानं हातातली खारी बशीत ठेवली.

"मी बी लिव्हलं हुतं तिथं. वडगावात कुणाला इचारणार? म्हटलं, साइट माझ्या हातची हाय. तपासलेली हाय. तिथं काय भ्या न्हाय." त्या टेबलाच्या आणखी जवळ सरकल्या. "आता मी सांगतो, दादा. मला कळलंय, तसं बाकीच्यांस्नी कळाय पायजे."

मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. चुकलं म्हणेल. इतकी वर्षं त्याच्याकडे राबलेली बाई समोर उभी होती.  रणजितदादा खुर्चीत पुढं सरकला, आवाज खाली आणला, आणि विचारलं काय, तर,

"काय लिव्हलं हुतंसा?"

त्याच्या डोळ्यांत मी बघितलं. काळजी नव्हती. फाटक्या पडद्याआडून बघणाऱ्याच्या डोळ्यांत असते ती चव होती. नितीनचीही मान वर आली.

विमलताईंनी त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. आणि इतक्या वर्षांत कधी कुठल्या माणसाला न म्हटलेला तो शब्द म्हणाल्या. आखूड नाही, लांबलचकही नाही.

"शी."

फडकं पिशवीत घातलं, पेला घातला, आणि बाहेर पडल्या. दादा माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता. "अगं, मी आपलं काळजीनं..." मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. माझं सामान दुसऱ्या दिवशी बहीण जाऊन घेऊन आली.

त्यांचं शेवटचं दर्शन त्याच संध्याकाळचं. मी खाली उतरले तर त्या बेकरीच्या बाजूच्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. गारगोटीच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी आधीच फोन केला होता. बाई आधी घाबरल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, सांगूया, निम्म्या मी सांगते, निम्म्या तुम्ही सांगा. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट चालला होता, बेकरीवाला पाव मोजून देत होता, आणि विमलताई एका कानावर पदर दाबून दुसऱ्या कानाला फोन लावून बोलत होत्या. मी दोन पायऱ्या वर उभी राहिले. मला त्या बोलण्यात जायचं नव्हतं, आणि सोडून जाववतही नव्हतं.

पलीकडून कुणीतरी बारीक आवाजात 'कोण?' म्हणालं असावं.

"मी विमल कांबळे, वडगावची. तुम्ही मला वळखत न्हाय. घरात आजूबाजूला कोण न्हाय न्हवं? मग बोलतो." थोडं थांबल्या. मग विचारलं, "जेवलासा काय?"

पलीकडची बाई काहीतरी म्हणाली. ताईंनी ऐकून घेतलं, पूर्ण. मग म्हणाल्या, "तुम्ही डाक्टरीणबाईंस्नी लिव्हलेलं बाहेर गेलं असंल. काय लिव्हलं हुतं ते मी वाचलेलं न्हाय, आणि इचारत बी न्हाय. चूक तुमची न्हाय, आमची हाय. कुणी फोन करून भ्या घातलं, तर पैसं द्यायचं न्हाय, गप ऱ्हायचं न्हाय, मला फोन करायचा. मी बी त्यातलीच एक हाय, बाई. तुमच्यागतच."

 ताईंनी फोन कानालाच ठेवला, बाईला जितका वेळ लागेल तितका. मग हलकेच "व्हय, व्हय" म्हणाल्या, फोन फडक्यानं पुसला, पेल्यातलं पाणी वरून घशात ओतलं, आणि पुढचा नंबर लावला.